वडगावची लढाई कशी पेटली

शास्त्रपाठ : याकोब ४ : १–१०, लूक १४ : ३१, ३२

याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा गावातील तंटे येतात : बांधावरचे, विहिरीवरचे, वाटणीचे. राजांची युद्धे काही निराळ्याच कारणांनी होत असावीत, अशी आपली समजूत असते. ती तपासण्याकरिता दूर देशी जाण्याचे कारण नाही. वाकडापासून सुमारे आठ कोसांवर वडगाव मावळ आहे. तेथे जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज मराठ्यांस शरण आली. त्या काळी पुणे दरबार व इंग्रज कंपनी ह्या दोन बलाढ्य सत्ता होत्या. त्या एकमेकींवर कशा धावून गेल्या, हे आज पाहू.

आरंभ भाऊबंदकीचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशवे नारायणराव ह्यांचा शनिवारवाड्यात वध झाला व चुलते रघुनाथराव गादीवर बसले. परंतु पुढील वर्षी नारायणरावांच्या विधवेस पुत्र झाला, आणि नाना फडणीस व इतर कारभाऱ्यांनी त्या बालकाच्या नावाने राज्य चालविले. तेव्हा रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. घरचे भांडण परक्याच्या दारी गेले.

परक्यासही काही हवे होते. मुंबईकर इंग्रजांचा साष्टी व वसई ह्यांवर बहुत दिवस डोळा होता. १७७४ च्या अखेरीस त्यांनी साष्टी घेतली, आणि सबब कोणती सांगितली? पोर्तुगीज ती घेण्याच्या बेतात आहेत, आपण न घेतली तर ते घेतील! ह्या एका विचाराने जितकी युद्धे पेटली, तितकी उघड द्वेषानेही पेटली नसतील, असे आम्हांस वाटते. शेजाऱ्याचे शेत बळकाविणारा मनुष्यही प्रथम हेच बोलतो.

पुढे ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस रघुनाथरावांशी तह झाला : इंग्रजांनी सैन्य द्यावे, त्यांनी साष्टी व वसई द्यावी. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळास हा तह मान्य नव्हता. त्यांनी आपला वकील पाठवून १ मार्च १७७६ रोजी नानांच्या पक्षाशी पुरंदरचा तह केला. मागाहून विलायतेतील संचालकांचे पत्र आले, की सुरतेचा तहच आम्हांस पसंत आहे. एका कंपनीची तीन तोंडे! अशा वेळी ज्याला युद्ध हवे असते त्याला आपल्या सोयीचा कागद सापडतोच.

तरीही कदाचित निभावले असते. परंतु १७७७ साली सें ल्युबिन नावाचा फ्रेंच मनुष्य पुण्यास आला आणि नानांनी त्याचा मोठा सन्मान केला. इंग्रजांस धाक बसावा, हा त्यांचा हेतू असावा. धाक बसला खरा. पण भ्यालेला प्रतिपक्षी मागे सरतोच असे नाही, पुष्कळदा तो आधी हात उगारतो. १७७८ साली अमेरिकेच्या प्रकरणावरून इंग्रज व फ्रेंच ह्यांचे युद्ध जुंपले आणि मुंबईकरांची भीती दुणावली. सें ल्युबिनने देऊ केलेले फ्रेंच सैन्य मात्र कधीच आले नाही.

आमच्या काही वाचकांस इंग्रजांचा दोष सांगितलेला रुचणार नाही, काहींस नानांचा. याकोब कोणासच सोडीत नाही.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून सुमारे ३,९०० सैनिक निघाले. सामान वाहण्यास १९,००० बैल होते. शेतकरी वाचकांनी ह्या आकड्यावर क्षणभर थांबावे. एवढ्या बैलांस चारा कोठून? मराठ्यांनी हेच हेरले होते. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावास पोहोचले तो गाव जळालेला, दाणा नाही, वैरण नाही. वेळ पडल्यास चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची त्यांची तयारी होती. म्हणजे हा वाकडचा परिसरही त्या आगीच्या वाटेवरच होता. शत्रूने नव्हे, आपल्याच राज्यकर्त्यांनी घरे पेटविली. युद्ध करावे की नाही, हे तळेगावच्या कुणब्यास कोणी विचारले नव्हते.

पुणे १८ मैलांवर राहिले असता, ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली आणि वडगावी वेढली गेली. प्रभूच्या दृष्टांतातील राजा शत्रू दूर असतानाच वकील पाठवितो. ह्यांनी पाठविला तो चोहोंकडून कोंडी झाल्यावर. १७७३ पासून मिळविलेला सर्व मुलूख परत देण्याचे त्यांनी कबूल केले.

पण मुंबई व कलकत्ता येथील वरिष्ठांनी हा करार नाकारला, आणि युद्ध आणखी तीन वर्षे चालले. १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे ह्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांस परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. ज्यांच्या नावाने हे सारे आरंभिले त्या रघुनाथरावांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते १७८३ साली कोपरगावी वारले.