घटक ५ : घटस्फोटानंतरच्या मालमत्ता-वादांची भाषा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• विवाहविच्छेदाशी संबंधित मराठी शब्दांचे मूळ आणि त्यांतील अर्थभेद सांगता येतील.
• ‘वाटणी’ आणि ‘परत मिळणे’ या शब्दप्रयोगांमागील कायदेशीर फरक स्पष्ट करता येईल.
• वस्तूंची यादी आणि अर्जातील निवेदन नेमक्या मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना न्यायालयाची भाषा टाळून चालत नाही. १९९८ मध्ये शासनाच्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. त्यामुळे सातारा किंवा सांगली येथील न्यायालयात आज जे अर्ज, कैफियती आणि जबाब दाखल होतात, त्यांतील मराठी शब्दांवर माणसांचे हक्क अवलंबून असतात. घटस्फोटानंतर दागिने, भांडी, घर, जमीन यांवरून होणारे वाद हे याचे ठळक उदाहरण होय. अशा वादात एखादा शब्द सैलपणे वापरला गेला, तर त्याची किंमत पक्षकाराला मोजावी लागते.

५.२ विच्छेदाचे तीन शब्द
मराठीत विवाह मोडण्यासाठी प्रामुख्याने तीन शब्द आढळतात.

घटस्फोट : हा संस्कृत शब्द मुळात विवाहाचा नाही. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला जिवंतपणीच मृत मानून, तिच्या नावाने पाण्याचा घडा लवंडून वा फोडून तिला बहिष्कृत करीत. त्या विधीचे हे नाव. पुढे ते विवाहविच्छेदाला लागू झाले. आज या शब्दात दोषाची छटा कायद्याला अभिप्रेत नाही. समाजमनात मात्र ती पुष्कळदा शिल्लक राहिलेली दिसते.

काडीमोड : काडी मोडून संबंध तुटल्याची खूण करणे, हा या शब्दामागील संकेत. अनेक जातींत जातपंचायतीसमोर काडीमोड होत असे व त्यानंतर पाटही लागत असे. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २९ ने रूढीने मान्य असलेला विच्छेदाचा हक्क अबाधित ठेवला आहे. मात्र अशी रूढी अस्तित्वात आहे हे सिद्ध करावे लागते. नुसते ‘काडीमोड झाली’ असे लिहून भागत नाही.

फारकत : अरबी-फारसी परंपरेतून आलेला हा शब्द कागदाशी जोडलेला आहे. देणेघेणे मिटल्याचा लेख म्हणजे फारखत. म्हणूनच ‘फारकत लिहून दिली’ या वाक्यात संबंध संपल्याबरोबरच आता काही मागणे उरले नाही, असाही अर्थ डोकावतो. मजकूर न वाचता अशा कागदावर सही वा अंगठा देणारी व्यक्ती नेमके काय सोडून देत आहे, हे त्या मजकुरातील शब्द ठरवितात.

५.३ वाटणी की परत मिळणे?
बोलताना आपण सहज म्हणतो, ‘घटस्फोटानंतर मालमत्तेची वाटणी होते.’ हे विधान महाराष्ट्रात बहुतांशी चुकीचे आहे. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेमुळे, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. तेथे ‘वाटणी’ हा शब्द योग्य ठरतो. उर्वरित भारतात विवाहामुळे मालमत्ता आपोआप सामाईक होत नाही. ज्याच्या नावे जमीन, त्याची ती जमीन. पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावे असलेल्या सातबाऱ्यावर घटस्फोटामुळे पत्नीचा हिस्सा लागत नाही. ती पोटगी मागू शकते आणि कलम २५ नुसार त्या पोटगीसाठी पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

स्त्रीधनाची गोष्ट याहून वेगळी. ते पत्नीचेच असल्यामुळे त्याची वाटणी होत नाही. ते परत करावयाचे असते. ही संकल्पना जुनी आहे. मनुस्मृतीने स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, प्रेमाने दिलेले आणि आई, वडील व भाऊ यांच्याकडून मिळालेले धन येते. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोशा’चे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. न्यायव्यवहारासंबंधीची प्राचीन वचने त्यात एकत्र केलेली आहेत. आधुनिक कायद्यात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. स्त्रीधन पतीच्या ताब्यात असले तरी ते सामाईक होत नाही, तो केवळ विश्वस्तासारखा असतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या निर्णयात घेतली. २०२४ मध्येही स्त्रीधन ही पती-पत्नीची संयुक्त मालमत्ता नव्हे, हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

मग कलम २७ कशासाठी? विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असू शकणाऱ्या वस्तूंबाबत हुकूमनाम्यातच तरतूद करण्याचा अधिकार ते न्यायालयाला देते. आहेरात मिळालेला फ्रीज किंवा दोघांना मिळून दिलेला पलंग अशा वस्तू येथे विचारात येतात.

५.४ ‘दिले’, ‘घातले’, ‘ठेवायला दिले’
आता भाषेचा खरा पेच पाहू. आपल्या भागात लग्नाचे वर्णन करताना ‘मुलीच्या अंगावर दहा तोळे घातले’ असे म्हणतात. या वाक्यात कर्ता नाही. कोणी घातले ते कळत नाही. ‘घालणे’ या क्रियापदाचा अर्थ परिधान करविणे असाही होतो आणि भेट देणे असाही. सासरची मंडळी म्हणतात, ‘समारंभापुरते घातले होते.’ माहेरची मंडळी म्हणतात, ‘तिला घातले म्हणजे तिलाच दिले.’ दोन्ही बाजू एकच शब्द वापरतात आणि वाद त्या शब्दाच्या अर्थावर उभा राहतो.

पुढील तीन वाक्ये ताडून पाहा :
(अ) दागिने सासूबाईंकडे दिले.
(आ) दागिने सासूबाईंकडे ठेवायला दिले.
(इ) दागिने सासूबाईंनी काढून घेतले.

पहिल्या वाक्यातून मालकीच दिली, असाही अर्थ निघू शकतो. दुसऱ्यात ताबा दिला, मालकी राखली. तिसऱ्यात संमतीच नाही. घडलेली घटना एकच असेल. पण अर्जात पहिले वाक्य लिहिले, तर उलटतपासणीत ते अर्जदाराच्या विरुद्ध वापरले जाऊ शकते.

‘तोळा’ या शब्दाबाबतही सावध असावे. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आज सराफ बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. दहा तोळ्यांत सोळा ग्रॅमहून अधिक फरक पडतो. म्हणून वजन ग्रॅममध्येच लिहावे.

५.५ ‘नांदणे’ आणि ‘परित्यक्ता’
‘नांदणे’चे प्रयोजक रूप ‘नांदवणे’. ‘तो तिला नांदवत नाही’ या वाक्यात कर्ता पुरुष आहे. स्त्री केवळ कर्म आहे. ‘परित्यक्ता’ हेही कर्मणी धातुसाधित : जिला टाकले ती. कोणी टाकले, हे या शब्दात येत नाही. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी १९८० च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न संघटितपणे मांडला. स्वतंत्र रेशनकार्ड, घरासाठी जागा आणि पोटगी अशा मागण्या पुढे आल्या. सहानुभूतीचा विषय ठरलेला हा शब्द येथे हक्क मागणाऱ्या समूहाचे नाव बनला. शब्द तोच राहिला, त्याचे वाक्यातील स्थान बदलले. ती कर्म न राहता कर्ता झाली.

५.६ यादीचे लेखन
हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधूला व वराला मिळालेल्या भेटींच्या स्वतंत्र लेखी याद्या ठेवावयाच्या असतात. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते ही माहिती त्यात हवी. वधू व वर दोघांच्या सह्या हव्यात. प्रत्यक्षात रुखवताची हौस पुष्कळ होते, यादी मात्र क्वचितच होते. मग काही वर्षांनी पावत्या, छायाचित्रे आणि साक्षीदारांच्या आठवणी यांवर भिस्त ठेवावी लागते.

सैल नोंद : ‘सोन्याचे दागिने व संसाराची भांडी.’
नेमकी नोंद : ‘सोन्याच्या पाटल्या, २ नग, एकूण वजन ४० ग्रॅम, वधूच्या वडिलांनी विवाहप्रसंगी वधूस भेट दिल्या, सराफाची पावती सोबत जोडली आहे, पाटल्या सध्या सासूच्या ताब्यात आहेत.’

दुसऱ्या नोंदीत वस्तू, संख्या, वजन, देणारा, घेणारा, प्रसंग, पुरावा आणि सध्याचा ताबा ही आठही अंगे आली आहेत. पहिल्या नोंदीवरून न्यायालयाने काय परत करविण्याचा हुकूम द्यावा, हेच ठरविता येत नाही.

सारांश
स्त्रीधन परत मिळते, सामाईक वस्तूंची व्यवस्था लावली जाते, आणि पतीच्या स्वतंत्र मालमत्तेतून हिस्सा नव्हे तर पोटगी मिळते. हे तीन हक्क वेगळे आहेत, म्हणून त्यांची क्रियापदेही वेगळी ठेवावीत. कर्ता, ताबा आणि मालकी स्पष्ट करणारी वाक्यरचना हा न्यायव्यवहारातील मराठीचा पहिला गुण होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘घटस्फोट’, ‘काडीमोड’ आणि ‘फारकत’ या शब्दांतील अर्थच्छटा स्पष्ट करा.
२. ‘स्त्रीधनाची वाटणी’ हा शब्दप्रयोग सदोष का आहे?
३. ‘घालणे’ या क्रियापदाची संदिग्धता दोन वाक्यांच्या आधारे दाखवा.

उपक्रम
तुमच्या घरातील किंवा परिचयातील एका विवाहात मिळालेल्या पाच वस्तूंची, वर सांगितलेल्या आठ अंगांसह, यादी तयार करा. कोणते अंग भरता आले नाही आणि का, याची टीप लिहा. ही टीप संपर्कसत्रात चर्चेसाठी आणावी; त्यात कोणाचेही खरे नाव लिहू नये.