आगोटीची यादी

पोरी, तू मरोळला बिऱ्हाड थाटलंस तेव्हा पंखे बसवले का, गॅस आला का, पाण्याची वेळ कुठली, हे सगळ्यांनी विचारलं. बाजार कुठं करतेस, हे कुणी विचारलं नाही. ते मी विचारते. फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते, हे मला ठाऊक आहे. माझ्याही फोनात ते आहे आणि गुडघे दुखतात त्या दिवशी मीही ते दाबते. पण मे अर्धा सरला, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं, भरायचं आहे. तेवढ्यासाठी तरी माझ्याबरोबर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात चल.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद, म्हणून सुकं आत्ताच घ्यायचं. सकाळी लवकर जायचं आणि पहिल्याच वाट्याशी थांबायचं नाही. बोंबील हातात घेऊन वाकव. कडक असेल तर काडकन मोडेल. वाकला तर आत ओल आहे, श्रावण यायच्या आत त्याला बुरशी धरेल. वलांडीवर टांगून वाळवलेला आणि जमिनीवर पसरलेला, यांतला फरक दाताखाली कळतो, रेती लागते. जवळा मूठभर कागदावर घे आणि कागद हलव. खाली काय उरतं ते बघ. सोडे फारच झगझगीत केशरी दिसले तर दोनदा विचार कर. घरी आणलं की दोन कडक उन्हं दाखवायची, मगच डब्यात.

भावाचं सांगते. भाव जरूर कर. भाव न करणाऱ्याला कोळीण गिऱ्हाईकच समजत नाही! पण एकदा ठरला की पैसे मोजताना पुन्हा दहा रुपये पाडायचे नाहीत. आणि पुढच्या वर्षी तिच्याकडेच जायचं. मी तीस वर्षं एकीकडेच घेतलं, आता तिच्या सुनेकडे घेते. एकदा मी बांगड्याला हात घातला तर सून म्हणाली, "मावशी, हा नको, आतून ओला हाय." स्वतःचाच माल तिनं मला घेऊ दिला नाही. ही सोय कुठल्या सवलतीत मिळते, सांग.

तू म्हणशील, बाजार कुठं केला यानं काय होतं. समाज बदलायचा म्हणजे मोर्चा काढायचा, असं तुला वाटतं. काढ, मीही गेले आहे. पण मोर्चा एक दिवसाचा, आणि दूध-पीठ रोजचं. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, ती लिज्जतची सुरुवात. पहिल्या दिवशी पापडाचे चार पुडे झाले. त्या सात जणींचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. मला मात्र ते पुडे घेणाऱ्यांचं वाटतं. एकदा कौतुक म्हणून कुणीही घेतो. पापड संपल्यावर पुन्हा तोच मागणारी माणसं होती, म्हणून पुढचं पीठ भिजलं. तेव्हा 'बायकांना मदत' म्हणून एकदा घेऊन मोकळी होऊ नकोस. आवडलं तर दर महिन्याला घे. नाही आवडलं तर तोंडावर सांग, म्हणजे ती सुधारेल तरी.

हो, जवळचा म्हणून सगळं गोड मानायचं नाही. आमच्या वाण्यानं एकदा तूरडाळीत भेसळ खपवली. मी डाळ परत नेली, चार बायकांदेखत त्याच्या काट्यावर ठेवली आणि सहा महिने दुकानाची पायरी चढले नाही. त्याच दिवसांत शेजारणीनं मला मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात ओढलं. ही पंचायत 1975 ची, बिंदुमाधव जोशींनी उभी केलेली. आसपासच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधीच लिहून द्यायची. एकगठ्ठा माल आला की आपणच वाटून घ्यायचा. माझ्या वाट्याला तराजू आला होता. गूळ सगळ्यांना सारखा पोचवता पोचवता घाम फुटायचा आणि प्रत्येकीला आपला खडा लहान वाटायचा. पण गिऱ्हाईक एकत्र आलं की वाणी सरळ होतो, हे मी तिथं पाहिलं. आमचाही झाला.

आणि त्याच वाण्याकडे मी परत का गेले, तेही ऐक. 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, मिठी नदी फुगलेली, वीज गेलेली, तुझे आजोबा ऑफिसातून निघून कुठं अडकले याचा पत्ता नाही. या माणसानं मेणबत्त्या, दूध पावडर, पाव असं जे होतं ते आख्ख्या चाळीला वहीवर मांडून दिलं. एक पैसा जास्त लावला नाही. डाळीचं मी विसरले नाही, पण तेही विसरले नाही.

मिठीत तेव्हा काय काय तुंबलं होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून कापडी पिशवी माझ्या पर्समध्ये घडी घालून असते. प्लास्टिकबंदी 2018 ला आली, पिशवी त्याआधीची. आता बाजारात कुणी मला प्लास्टिकची पिशवी पुढे करत नाही.

बाकी किरकोळ. दळण गिरणीत टाक, पण बेसनाच्या पाठोपाठ गहू घालू नको म्हणून बजावून सांग. मसाला डंकावर कुटून आण आणि कुटताना तिथंच उभी राहा. चपलेचा अंगठा तुटला तर नाक्यावरच्या चांभाराकडे जा, नवी चप्पल मागवू नकोस. साडीचा फॉल-पिको गल्लीतल्या बाईकडेच दे, मात्र लग्नसराईत तिला आठ दिवस दे. तिच्याही घरी लग्नं असतात. आणि वहीवरची उधारी महिनाअखेरीस चुकती कर. लहान दुकानदाराचं भांडवल आपल्या उधारीत अडकून बसतं.

सगळंच एका महिन्यात बदलायला जाशील तर दमशील. एक गोष्ट धर. या वर्षी सुकी मासळी धर. रविवारी सकाळी खाली उभी राहा, मी रिक्षा घेऊन येते. दोन पिशव्या आण, एक जवळ्यासाठी वेगळी, नाहीतर सगळ्याला त्याचा वास लागतो.