वाट वाकडी करून सायबिणीकडे (गीता ९.२३)



आजचा श्लोक नवव्या अध्यायातला तेविसावा. वाचायला सोपा आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की, जे श्रद्धेने इतर देवतांना भजतात, ते खरं तर मलाच भजतात. पण त्यांचं भजन 'अविधिपूर्वक' असतं. बहुतेक वेळा आपण पहिला अर्धा भाग ऐकतो, खूश होतो आणि पुढे जातो. आज दोन्ही अर्धे एकत्र वाचूया.

निमित्त आमच्या यात्रेचं. आमचं कुलदैवत मंगेशी. यंदा मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा असं दर्शन झालं आणि म्हापशाला आत्याकडे मुक्काम ठरला. आत्याने फोनवरच सांगून टाकलं, "म्हापशात येताय तर सायबिणीला भेटून या. तिला भेटल्याशिवाय मी कुणाला जेवायला वाढत नाही."

सायबीण म्हणजे मिलाग्र सायबीण, म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मरियामाता. गाडी चालवणारा माझा चुलतभाऊ एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मंगेशाला गाव कुणामुळे सोडावं लागलं? आणि आपण देवळातून निघून थेट चर्चला?"

त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जात होती, म्हणून १५६० मध्ये भक्तांनी लिंग नदीपलीकडे अंत्रुज महालात, आदिलशाही मुलखात नेलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली तीही त्याच काळात. १५६० मध्येच गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. हे सगळं घडलेलं आहे. 'जाऊ दे रे, देव एकच' असं म्हणून ते पुसता येत नाही.

पण त्याच गोव्याने आणखी एक गोष्ट जपली आहे. लोककथेत सात बहिणी आहेत: शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, केळबाई, महामाया अशा. त्यांतली एक मिराबाई. ती ख्रिस्ती झाली आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण झाली. बहिणींचं नातं मात्र तुटलं नाही. सायबिणीकडून लईराईला तेल जातं, लईराईकडून सायबिणीला मोगऱ्याची फुलं येतात, अशी परंपरा सांगतात. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी सायबिणीचं फेस्त असतं. तेव्हा हिंदू आणि ख्रिस्ती एकाच रांगेत तेल आणि मेणबत्त्या घेऊन उभे असतात.

ही कथा कुणी रचली असेल, असा विचार मी करत होते. देव उचलून नदीपलीकडे गेलेली माणसं आणि धर्म बदलून मागे राहिलेली माणसं ही अनेकदा एकाच गावची, एकाच घरातलीही असणार. सत्तेने घर मोडलं. पण त्या लोकांनी एकमेकांना शत्रू म्हटलं नाही, बहिणी म्हटलं. चर्चमध्ये तेल घेऊन उभी असलेली बाई ही काही इन्क्विझिशन नव्हे.

आता श्लोकाकडे परत येऊ. 'मामेव', म्हणजे मलाच. श्रद्धा खरी असेल तर ती वाया जात नाही, हे भगवंताचं आश्वासन. सातव्या अध्यायात (७.२१) तर ते म्हणतात की भक्ताची ज्या रूपावर श्रद्धा बसते, तिथे ती मीच स्थिर करतो. म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणं म्हणजे भगवंताच्याच कामात ढवळाढवळ करणं झालं.

मग 'अविधिपूर्वक' कशाला म्हटलं? ज्ञानेश्वर माउलींनी इथे शरीराचा दाखला दिला आहे. सगळी इंद्रियं एकाच देहाची, म्हणून काही आपण जेवण कानात भरत नाही. झाड एकच असलं तरी पाणी मुळाशीच घालायचं असतं. देव एक आहे याचा अर्थ साधना कशीही, कुठेही, मूड येईल तशी असा होत नाही. दहा ठिकाणी नवस बोलून कुठलं लागू पडतंय ते बघणं म्हणजे पानांवर पाणी शिंपडणं.

म्हणून मला वाटतं, वाट वाकडी करून दुसऱ्याच्या देवस्थानात जायला हरकत नाही; पण जाताना पाहुण्यासारखं जावं. पाहुणा घरची शिस्त पाळतो. अंग झाकणारे साधे कपडे, फोन सायलेंटवर, प्रार्थना चालू असेल तर फोटो नाही. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावं. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र 'प्रसादच तर आहे' म्हणून उभं राहू नये. कॅथलिक श्रद्धेत तो प्रत्यक्ष ख्रिस्ताचा देह आहे आणि त्याची वेगळी तयारी असते. कॅथलिक लोक मरियेला देव मानत नाहीत, तिच्याकडे मध्यस्थी मागतात, हेही लक्षात ठेवावं. 'तुमची मरिया म्हणजे आमची देवीच' हे आपल्या प्रेमाचं बोलणं झालं. ते त्यांच्यावर लादू नये.

आम्ही गेलो. आत्याने सांगितलेलं तेल दिलं. मी काही मागितलं नाही, डोळे मिटून मनात नाम घेतलं. भाऊ आत आला नाही, बाहेर गाडीपाशी थांबला. त्याला कुणी ओढलं नाही आणि आत्यानेही रात्री त्याला पहिलं ताट वाढलं. ज्याच्या मनात ते दुःख अजून ओलं आहे, त्याने नमस्कार केलाच पाहिजे अशी सक्ती केली, तर तीही अविधीच की!

आजचा अभ्यास:

१. ९.२३ सोबत ७.२१ आणि ७.२२ वाचा. श्रद्धा कोण देतं आणि फळ कोण देतं, हे आपल्या शब्दांत वहीत लिहा.

२. आपलं मूळ कुठलं, म्हणजे रोज न चुकता पाणी कुठे घालायचं, ते एका वाक्यात लिहा. नाम, पाठ, ध्यान, काहीही असो, पण एकच.

३. वेगळ्या श्रद्धेच्या एखाद्या मित्राला विचारा, "तू प्रार्थना कशी करतोस?" आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका.

मूळ घट्ट असलेलं झाड वाऱ्याला घाबरत नाही. उद्या चोविसावा श्लोक.

राम कृष्ण हरी.