शोभेची घाणेरी, हौसेचा कोळी : विदेशी प्रजातींचा प्रश्न

चंडीगडच्या ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सुखना वन्यजीव अभयारण्य आहे. १९५८ मध्ये निर्माण झालेल्या सुखना तलावाचे पाणलोट क्षेत्र त्यात येते. १९९८ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. येथील मुख्य समस्यांपैकी एक म्हणजे घाणेरी. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून शोभेसाठी भारतात आणलेल्या या झुडपाने स्थानिक वनस्पतींची जागा बळकावली आहे.

प्रत्येक विदेशी प्रजाती आक्रमक नसते. जी निसर्गात स्वतःहून प्रजनन करते, पसरते आणि स्थानिक जीवसृष्टीस हानी पोहोचवते, तीच ‘आक्रमक विदेशी प्रजाती’ होय.

प्राण्यांच्या बाबतीत हा धोका हौसेच्या व्यापारातून उद्भवतो. टॅरँटुला हा मोठा, केसाळ कोळी त्याचे उदाहरण आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील एका टॅरँटुलाची वस्ती अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९९६ मध्ये आढळली. मादी दीर्घायुषी असते आणि एका अंडकोशात शेकडो अंडी घालते. दिवसा ती बिळात दडून राहते; त्यामुळे प्रसार उशिरा लक्षात येतो.

भारतातही हा व्यापार पोहोचला आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या हवाई सीमाशुल्क विभागाने पोलंडहून आलेल्या टपालात लहान कुप्यांमध्ये भरलेले १०७ जिवंत कोळी पकडले. असे प्राणी पाळणाऱ्याने कंटाळून मोकळे सोडल्यास, सुखनासारखे शहराला लागून असलेले अरण्य त्यांना सहज उपलब्ध होते. भारताच्या अरण्यांत टॅरँटुलांच्या स्वतःच्या जातीही आहेत. त्यांना अन्न व अधिवास यांसाठी नवा स्पर्धक निर्माण होऊ शकतो.

यासंबंधीची कायदेशीर तरतूद अलीकडची आहे. वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ हा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. त्यातील कलम ६२-अ नुसार आक्रमक विदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ‘साइट्स’ करारातील सूचीबद्ध जिवंत प्राण्यांच्या नोंदणीसाठी २०२४ मध्ये नियमही अधिसूचित झाले.

घाणेरी एकदा पसरल्यावर ती वारंवार उपटावी लागते. बिळात राहणारा कोळी तर उपटूनही काढता येत नाही. म्हणूनच जैवविविधता कराराच्या कलम ८ (ह) मध्ये विदेशी प्रजातींच्या नियंत्रण व निर्मूलनाआधी त्यांच्या प्रवेशास प्रतिबंध करण्याचा उल्लेख आहे.