बेंबी सरकत नाही, दुखणे सरकते

आपल्या बोलण्यात ‘पोट’ या शब्दात फार काही मावते. भूक पोटाला लागते, गॅस पोटात होतो आणि दुखते तेही पोटच. प्रत्यक्षात बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत अनेक अवयव असून प्रत्येकाची जागा व काम ठरलेले आहे. ते माहीत असले तर दुखणे कुठले याचा अंदाज येतो आणि प्रसंगी त्यामुळे जीवही वाचतो.

पचन तोंडातच सुरू होते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील पाचकरस पिठाची साखर करू लागतो. गिळलेला घास सुमारे १० इंच लांबीच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात उतरतो. जठर बरगड्यांखाली किंचित डावीकडे असते. तेथे आम्लरसात अन्न घुसळले जाऊन त्याची पेज होते. या कामाला साधारण २ ते ४ तास लागतात, तेलकट जेवणाला त्याहून अधिक. सावजीचा रस्सा खाल्ल्यावर पोट उशिरापर्यंत जड वाटते ते यामुळेच.

खरे पचन मात्र लहान आतड्यात होते. सुमारे २० फूट लांबीचे हे आतडे पोटाच्या मध्यभागी वेटोळे करून बसलेले असते. यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथे अन्नात मिसळतो. आतड्याच्या आतील मखमलीसारख्या अंकुरांतून अन्नरस रक्तात जातो. यकृत व त्याला चिकटलेले पित्ताशय उजव्या बरगड्यांखाली असते. तेलकट जेवणानंतर तेथे वारंवार दुखत असेल तर पित्ताच्या खड्यांची तपासणी करून घ्यावी.

उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. सुमारे ५ फुटांचे हे आतडे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सुरू होते, वर चढते, आडवे जाते आणि डावीकडून खाली उतरते. चोथ्यातील पाणी शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. जेथे ते सुरू होते, तेथेच करंगळीसारखी एक नळी लोंबत असते. तिचे एक टोक बंद असते. हेच आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स.

या नळीचे तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले की ती आत फुगू लागते व तिच्यात पू होतो. सुरुवातीला दुखते ते मात्र बेंबीभोवती. याचे कारण असे की, आंत्रपुच्छाचे आणि लहान आतड्याचे मज्जातंतू मणक्यात एकाच जागी पोचतात. त्यामुळे दुखण्याची नेमकी जागा मेंदूला कळत नाही. काही तासांनी सूज पोटाच्या आतील अस्तराला लागते आणि मग दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते.

नेमके याच वेळी आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणतात. पोट चोळून घेतात, बेंबी बसवून घेतात, एरंडेल पाजतात. हे सारे करून झाल्यावर दवाखान्यात येणारे रुग्ण मी पुष्कळ पाहतो. बेंबी हा जन्माच्या वेळी कापलेल्या नाळेचा व्रण आहे. ती सरकत नाही, दुखणे सरकते. चोळण्याने व जुलाबाने फुगलेले आंत्रपुच्छ फुटू शकते. मग पू पोटभर पसरतो आणि जीव धोक्यात येतो.

हा आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही. १९०२ साली बादशहा सातवा एडवर्ड याचा राज्यारोहण समारंभ २६ जूनला ठरला होता. दोन दिवस आधी, २४ जूनला, याच दुखण्यासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. बादशहाला थांबता आले नाही, तिथे आपण तरी का थांबावे?

पोटदुखी बहुतेक वेळा साधी असते व आपोआप थांबते. पण पुढील लक्षणे दिसली तर घरी थांबू नये :

– बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेले दुखणे
– चालताना, खोकताना वाढणारी कळ
– सोबत उलटी, ताप, अन्नावरची वासना जाणे
– पोट लाकडासारखे घट्ट होणे

लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्यात ही लक्षणे ठळक नसतात, म्हणून तेथे अधिक सावध राहावे. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात अचानक दुखले तर तीही तातडीचीच बाब समजावी.

अशा वेळी रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. जुलाब देऊ नये, पोट चोळू नये, शेकू नये. जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेची गरज पडली तर कामठीहून नागपूरचे मेयो किंवा मेडिकल दूर नाही. काही रुग्णांना सुरुवातीला केवळ औषधांनी आराम पडतो, पण तो निर्णय सर्जनने तपासून घ्यायचा असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नव्हे.