डिपेंडंट व्हिसावर निघण्यापूर्वी

परदेशी जायचं ठरलं की घरात एकच फाईल जाड होत जाते. ज्याला नोकरी मिळाली, त्याची. ऑफर लेटर, करार, पदव्या, पगाराच्या स्लिपा, सगळं तिच्यात. सोबत जाणाऱ्याच्या वाट्याला लग्नाचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स आणि चार फोटो. बहुतेक घरांत ही सोबत जाणारी व्यक्ती म्हणजे बायको असते. अलीकडे नर्स बायकोच्या मागे निघालेले नवरेही भेटतात, आणि त्यांची अवस्था काही निराळी नसते. हा लेख या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आम्ही कोल्हापूरहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो मोटारींच्या क्षेत्रातला इंजिनिअर, मी फिजिओथेरपिस्ट. त्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्या-कामाचा परवाना, मिळत होतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे पोचल्यापासून काम करायची मुभा असते. आमची कागदपत्रं बघणारा सल्लागार मला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काहीच लागत नाही. फिजिओंना तिकडं केवढी मागणी आहे!" यातलं काहीच खोटं नव्हतं. मागणी आहे, मुभाही आहे. त्यानं सांगितलं नाही ते एवढंच, की काम करायची मुभा वेगळी आणि आपला व्यवसाय करायची मान्यता वेगळी. दुकानात, गोदामात, कार्यालयात मी दुसऱ्या दिवशी रुजू होऊ शकत होते. पेशंटच्या गुडघ्याला हात लावायला मात्र सरकारी मान्यता हवी होती.

डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, सरकारी शाळेतले शिक्षक हे सगळे तिथे नियंत्रित व्यवसाय आहेत. आयटीवाल्यांना ही भानगड नाही, म्हणून त्यांचा अनुभव ऐकून आपलं गणित मांडू नका. जर्मनीत फिजिओथेरपी हे बहुतांशी तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण आहे, माझी पदवी इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची. त्यामुळे वाटतं, आपलं शिक्षण जास्त, ते सहज चालून जाईल. पण मान्यता देणारं कार्यालय पदवीचं नाव बघत नाही, तास बघतं. शरीररचनाशास्त्र किती तास, मसाज किती तास, कोणत्या विभागात किती प्रात्यक्षिक. त्यांच्या अभ्यासक्रमाशी मोठी तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण घ्या किंवा परीक्षा द्या, असं पत्र येतं.

आता आपली गुणपत्रिका काढून बघा. तीत गुण असतात, तास नसतात. तास असतात अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत, आणि त्या पुस्तिकेच्या पानापानावर महाविद्यालयाचा शिक्का आणि सही लागते. हे मला श्टुटगार्टमध्ये बसून कळलं. भाऊ माझं पत्र घेऊन कॉलेजात गेला, तर खिडकीतून उत्तर आलं, "विद्यार्थिनीला स्वतः यायला सांगा." पुढे परीक्षा लागल्या, मग सुट्ट्या लागल्या. गावात असते तर हे काम चहा पिता पिता झालं असतं. परदेशातून त्याला महिने लागले आणि तेवढे महिने मी घरी बसून राहिले.

म्हणून निघण्याआधी शिक्का मारलेली पुस्तिका, विभागवार कालावधी लिहिलेलं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आणि जिथे जिथे काम केलं तिथली अनुभवपत्रं हातात घ्या. अनुभवपत्रावर "समाधानकारक काम केले" एवढं पुरत नाही. कोणत्या प्रकारचे पेशंट, आठवड्याला किती तास, हे लिहून मागा. आपल्या व्यवसायाच्या राज्य परिषदेचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यात शेवटी काढा, तो कागद ताजाच लागतो. भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलं तर सहसा अडचण येत नाही. आणि मान्यतेचा अर्ज भारतात असतानाही करता येतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर! 'अनएर्केनुंग इन डॉइचलांड' या सरकारी संकेतस्थळावर तुमचा व्यवसाय आणि गाव टाकलं की अर्ज कुठे करायचा ते समजतं.

भाषेबद्दल जरा खुलून बोलते. व्हिसाला परीक्षा लागत नाही, म्हणून भाषा शिकायचं पुढे ढकललं जातं. तिथे सरकारी मदतीचा इंटिग्रेशन कोर्स असतो, साधारण 700 तासांचा, आणि तो भाषेच्या बी-१ पातळीपर्यंत नेतो. आमच्या व्यवसायाला बी-२ लागतं. मधली पायरी आपली आपण चढायची, तीही मूल सांभाळत, कारण पाळणाघरात जागा मिळेपर्यंत मूल आपल्याजवळच असतं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघराची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण हक्क आणि प्रत्यक्ष जागा यांत बरीच प्रतीक्षायादी असते. पत्ता ठरला की पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा.

बी-२ ची अट मला जाचक वाटत नाही. एका प्रॅक्टिसमध्ये मी नुसती बघायला बसत असे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आल्या होत्या. दुखणं जळजळल्यासारखं आहे, मुंग्या येतात, की नुसता ठणका आहे, एवढ्या फरकावर आमचा उपचार बदलतो. त्या भराभर बोलत होत्या आणि मला फक्त त्यांचा हात कुठे जातोय ते दिसत होतं. असा पेशंट माझ्या ताब्यात कुणी देऊ नये, हे मला त्या दिवशी मनापासून पटलं. भारतात असतानाच निदान ए-२ पूर्ण करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. नवरा नोटीस पिरियडमध्ये असेल, तुम्ही वर्गात असा.

नावाचा घोळ आपल्याकडे घरोघरी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पदवीवर माहेरचं. माझ्या जन्मदाखल्यावर तर नावाचा रकानाच कोरा होता. त्या काळी बारशाआधी नोंद व्हायची आणि पुढे नाव घालायला कुणी जायचं नाही. असा दाखला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन नाव चढवून घ्या. लग्नात नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि लग्नाचा दाखला कायम जोडीनं ठेवा. आणि लग्न ठरत असतानाच परदेश डोळ्यांसमोर असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, मुलीनं नाव बदलूच नये. सासरी कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

तिथल्या भाड्याच्या घराचं थोडक्यात. कुणी "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" म्हणालं की तो फसवणारा, हे पक्कं धरा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्यानं हक्क आहे. स्वयंपाकघर आहे का हे विचारा. आमच्या घरात त्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी होत्या, ओटा नाही, सिंक नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. घर देणारा हा कागद द्यायला कां कूं करत असेल तर ते घर घेऊ नका.

विम्याचा निर्णय नवऱ्यावर एकट्यावर सोपवू नका. पगार चांगला असला की खासगी विमा स्वस्त पडतो असं सांगणारे दलाल भेटतात. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि परत फिरणं अवघड. आणखी एक: तुमच्या स्वतःच्या नावावर खातं आणि त्यात स्वतःचे पैसे असू द्या. परक्या देशात भाजी घ्यायलाही नवऱ्याचं कार्ड मागावं लागणं, ही गोष्ट शिकल्यासवरल्या बाईला आतून पोखरते. मी अशा मैत्रिणी पाहिल्या आहेत.

मागे राहणाऱ्या गोष्टींची आणि माणसांची तयारीही याच यादीत येते. भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचा, आधारचा ओटीपी त्यावरच येतो. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, ते जाण्यापूर्वी शाखेत बसून विचारा. एनआरआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मिळू शकते. वडिलांच्या सातबाऱ्याचं, घराच्या कागदांचं काही अडलेलं असेल तर निघण्याआधी निकाली काढा, नाहीतर मुखत्यारपत्रासाठी वकिलातीच्या वाऱ्या कराव्या लागतात. आई-वडिलांना रात्री दवाखान्यात कोण नेणार, त्या माणसाचं नाव ठरवा आणि त्याच्याशी तोंडी बोला. गृहीत धरू नका.

अचानक गावी जायची वेळ येतेच, आणि तेव्हा परत येण्यासाठी हातात वैध कागद लागतो. रेसिडेन्स कार्डची मुदत संपत आली की वेळेत अर्ज करा, कारण मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. कार्ड येईपर्यंत एक तात्पुरता कागद मिळतो, 'फिक्टिओन्सबेशाइनिगुंग'. त्यावर चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर खूण केलेली असते. जुना परवाना पुढे चालू आहे, या अर्थाच्या चौकोनावर खूण असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तुमची खूण नेमकी कुठे आहे, ते खिडकीसमोरून हलण्याआधी वाचा आणि कळलं नाही तर तिथेच विचारा, मागे कितीही रांग असली तरी.