वाट पाहण्याचे नऊ महिने
शास्त्रपाठ : लूक 1:24-56, लूक 2:1-7, स्तोत्र 139:13-16



दिवाळीच्या सुमारास सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यावर उभे राहिले असता ऊसतोडीस निघालेल्या टोळ्या दृष्टीस पडतात. त्यांत एखादी दोन जिवांची भगिनीही असते. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून जाणे भाग. तिच्या उदरी काय घडत आहे ह्याचा आज विचार करू.

1. देवाचे गुप्त काम. मातेच्या उदरी आपली घडण देवाने केली, अशी स्तोत्रकर्त्याची साक्ष आहे. गर्भ राहिल्यावर चौथ्या आठवड्यात, माता अद्याप साशंक असता, इवलेसे हृदय हालू लागते. साधारण पाचव्या महिन्यात तिला बाळाची हालचाल कळते. शेवटच्या महिन्यांत बाळ तिचा आवाज ऐकते. हे ज्ञान वाढले म्हणून आश्चर्य घटले नाही, उलट वाढले.

2. दोघींची सोबत. अलीशिबा वृद्धपणी गरोदर राहिली. तिला सहावा महिना असता मरीया डोंगराळ प्रदेशात तिच्या घरी आली व सुमारे तीन महिने राहिली. एकीने वांझपणाची निंदा सोसलेली, दुसरीपुढे लोकलज्जेचे भय. देवाने त्यांस एकमेकींचा आधार दिला.

3. आपले कर्तव्य. मरीयेलाही भरल्या दिवसांत सरकारी नावनिशीसाठी बेथलेहेमास जावे लागले, आणि तेथे उतारशाळेत जागा मिळाली नाही. फडावर मोळी उचलणारी आपली बहीण कोपीत बाळंत होते, तेव्हा तीच कथा पुन्हा घडते. म्हणून मंडळीने अलीशिबेचे घर व्हावे. गरोदर भगिनीस शक्यतो गावी ठेवून घ्यावे व तिच्या घरच्या दाण्यागोट्याची काळजी वाहावी. आशाताईंकडे नाव नोंदवावे. तपासण्या व लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. रक्तस्राव, झटके किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास केवळ प्रार्थना करीत बसू नये; प्रार्थना करीतच 108 क्रमांकाची गाडी बोलवावी. आणि मुलगा की मुलगी हे विचारू नये. 1994 च्या कायद्याने ती परीक्षा निषिद्ध आहेच. परंतु देवाच्या हातचे काम अपुरे असता त्याची निवड करणारे आपण कोण?

विचारासाठी प्रश्न : आपल्या मंडळीत आज कोण वाट पाहत आहे? तिच्या दारी शेवटचे कोण गेले होते?

प्रार्थना : हे प्रभो, जे तू गुप्तपणे घडवितोस त्याची राखण करण्यास आम्हांस जागे ठेव. आमेन.